न छापलेली नऊ पाने

मी, डेरेक अ‍ॅम्ब्रोज हेस्केथ, वय वर्षे एक्क्याऐंशी, व्यवसाय चित्रकार (आता निवृत्त), राहणार फ्लीटवूड, लँकेशायर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर वेडेवाकडे आले आहे. डोके थरथरत नाही. एरवी हे वेगळे सांगावे लागले नसते. परंतु माझी मुलगी हिलरी हिने गेल्या महिन्यात 'वडिलांना आता काही कळत नाही' असे कोर्टाला लेखी कळवून माझे व्यवहार आपल्या ताब्यात घेण्याची खटपट सुरू केली आहे. म्हणून आज सकाळी मी डॉ. इफेओमा न्वोसू यांना घरी बोलावून माझी तपासणी करून घेतली. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मग त्या म्हणाल्या, "मिस्टर हेस्केथ, तुम्हाला सगळं नीट कळतंय. फक्त इतकं चिडून लिहू नका, रक्तदाब वाढतो." मी त्यांचा सल्ला शक्य तितका पाळणार आहे.

कलम १. यापूर्वी मी केलेले सर्व लेख या लेखाने रद्द समजावेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न झाला, तो कलम ९ मध्ये सांगितला आहे.

कलम २. या लेखाची अंमलबजावणी माझे शेजारी जॉर्ज पिलिंग यांनी करावी. जॉर्जने आयुष्यात एकही कॉमिक वाचलेले नाही आणि जुनी कॉमिके गोळा करणाऱ्या कोणाशीही त्याची ओळख नाही. एवढी पात्रता मला पुरेशी वाटते.

कलम ३. राहते घर हिलरीला द्यावे. यात कोणतीही अट नाही. घर तिला द्यायचे नाही असे माझ्या मनात कधीही आले नाही, आमचे जे झाले त्यानंतरसुद्धा नाही. तिची आई एनिड याच घरात गेली आणि हिलरीने तिची सेवा केली, ते मी विसरलेलो नाही.

कलम ४. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा आणि उरलेले जीवरक्षक नौकेच्या ठाण्याला द्यावे. अंत्यविधीच्या वेळी बिगूल वाजवू नये. मी सैन्यात कधीच नव्हतो. सपाट तळपायांमुळे मला परत पाठवले होते. युद्धावर हजारो पाने काढलेल्या माणसाने युद्ध पाहिलेले नव्हते, हे लोकांना चमत्कारिक वाटते. आमच्यातल्या बहुतेकांचे तसेच होते.

कलम ५. तिरके टेबल, टाक, शाई, कुंचले आणि दिवा इथल्या कॉलेजच्या चित्रकला विभागाला द्यावेत. टेबलाच्या उजव्या कडेला लाल रंगाचा डाग आहे, तो घासून काढू नये.

कलम ६. माळ्यावर 'टिन हॅट' या साप्ताहिकाचे छापील अंक खोक्यांत भरून ठेवले आहेत. खिशात मावेल एवढे ते पुस्तक असे, काळ्या-पांढऱ्या चित्रांचे. रुंद जबड्याचा सार्जंट, ओरडणारे जर्मन, आणि मरताना प्रत्येकाच्या तोंडी तोच एक आवाज. मी त्यात एकोणिसशे अडुसष्टपासून काढत होतो. त्या काळी शनिवारी सकाळी आमच्या गावात मुले वर्तमानपत्राच्या दुकानाबाहेर फरशीवर ओळीने बसून वाचत. आज हे अंक विकत घेतात ते निवृत्त झालेले लोक. प्रेस्टनच्या कॉमिकांच्या मेळाव्यात मी पाहिले आहे, ते अंक उघडतात आणि आधी त्याचा वास घेतात. एका गृहस्थांनी आपल्या नातीला माझ्यापुढे आणले. तिने भराभर पाने उलटली आणि विचारले, "यात सगळ्यांना एकच तोंड का आहे?" आजोबा ओशाळले. मी तिला म्हणालो, "मला एकच येत होतं, बाळ." ती हसली आणि निघून गेली. ती पुन्हा असला अंक हातात घेईल असे मला वाटत नाही. हे सर्व अंक जुनी कॉमिके गोळा करणारे मिस्टर नेव्हिल स्टॅनक्लिफ यांनी घेऊन जावेत. त्यांना ते मनापासून आवडतात. परंतु त्यांना माझ्याकडून मिळेल ते एवढेच.

कलम ७. माझ्या टेबलाच्या खणात, कापडी बांधणीच्या फाइलमध्ये, शाईने काढलेली नऊ पाने आहेत. ती कधीही छापली गेलेली नाहीत. ती कोणाची आणि कशी, हे येथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्यानंतर सांगणारा कोणी राहणार नाही.

विग्नल कुटुंब आमच्या मागच्या गल्लीत राहत असे. एर्नी विग्नल मासेमारीच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. आइसलँडच्या पाण्यात जाण्याची बंदी झाली, आमचे ट्रॉलर भंगारात गेले आणि एर्नी घरी बसला. बंदरावर काम उरले नव्हते म्हणून त्याचा मुलगा टेरी नौदलात स्वयंपाकी झाला. एकोणिसशे ब्याऐंशीच्या युद्धात, तिकडे दक्षिण अटलांटिकमध्ये, त्याच्या जहाजावर बॉम्ब पडला. तेव्हा टेरी एकोणीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी शरद ऋतूत, एका शनिवारी दुपारी, एनिड मासे तळत होती. मागच्या दाराला आम्ही दिवसा कडी लावत नसू. एर्नी न विचारता आत आला. एका हातात 'टिन हॅट'चा अंक होता. दुसऱ्या हातात ट्रॉलरवरचे पिस्तूल होते, संकटात आकाशात लाल ज्योत उडवतात ते. बंद खोलीत त्याने काय होईल हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत असते.

"हेस्केथ, हे तूच काढतोस ना?"

"मीच."

"हा बघ. हा मरतोय. हात वर, छाती पुढे. काय म्हणतोय हा?"

त्याने अंक माझ्या नाकाशी धरला.

"वाच की."

"आर्घ," मी वाचले.

"आर्घ!" तो म्हणाला. "माझ्या पोराच्या पलंगाखाली यांचा ढीग आहे. काल रात्रभर बघत बसलो. एकातसुद्धा कुणी जळत नाही. चल वर. कागद घे. आज मी सांगतो तसं काढायचं."

एनिड झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज रोजचाच होता.

"एर्नी, ते भरलेलं आहे?"

"आहे."

"मग तोंड खिडकीकडे ठेव. वर सगळा कागद आहे, पेटला तर तिघंही जाऊ. जेवलायस का?"

एर्नीला या प्रश्नाची अपेक्षा नव्हती. "नाही," तो म्हणाला.

"वर आणून देते दोघांना."

वरच्या खोलीत तो माझ्या आणि दाराच्या मध्ये स्टूल घेऊन बसला. टेरीबरोबर काम करणारा एक मुलगा वाचला होता. भाजलेले हात घेऊन तो एर्नीला येऊन भेटून गेला होता आणि त्याने सगळे सांगितले होते. एर्नीला ते शब्द न् शब्द पाठ झाले होते. तो सांगू लागला आणि मी काढू लागलो. पहिल्याच चौकटीत त्याने मला थांबवले.

"हा कोण?"

"टेरी."

"हा टेरी नाही. हा तुझा सार्जंट आहे, नुसती टोपी बदललीयस. फाड."

मी कागद फाडला.

"चष्मा कुठाय त्याचा?"

"एर्नी, या गोष्टींत आम्ही कुणाला चष्मा घालत नाही. संपादकांचा नियम आहे. वाचणाऱ्या पोराला आपण स्वतःच तो हिरो आहोत असं वाटलं पाहिजे."

"टेरी सात वर्षांचा असल्यापासून चष्मा लावायचा. आणि तो पण हेच वाचायचा." पिस्तूल खिडकीकडून माझ्याकडे वळले. "घाल चष्मा."

मी घातला. कान मोठे काढायला सांगितले, तसे काढले. मग जहाजाचे स्वयंपाकघर, बटाट्यांची पिंपे, रेडिओ. मग धक्का. दिवे जातात. धूर. टेरीचा चष्मा उडून खाली पडतो. बाकीचे शिडीकडे धावतात. मित्र ओरडतो, "चल!" आणि टेरी म्हणतो, "थांब, माझा चष्मा."

एवढे सांगून एर्नी थांबला, आणि त्याच वेळी खालचे पुढचे दार वाजले. एर्नीला पिस्तूल घेऊन येताना कोणीतरी पाहिले होते. कॉन्स्टेबलचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू येत होता.

"मिसेस हेस्केथ, विग्नल आलाय का इकडे?"

"आलाय की. वर बसलाय. टेरीचं चित्र काढून घेतोय."

"त्याच्या हातात काहीतरी होतं म्हणतात."

एर्नीचे बोट चापावर होते. ते पांढरे झालेले मला दिसत होते. माझ्या टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला आणि मी तो टिपायलासुद्धा हललो नाही.

"मासे होते," एनिड खालून म्हणाली. "तळतेय बघ. खातोस का दोन घास?"

कॉन्स्टेबलचे बूट उंबऱ्यावर घुटमळले. त्याच्या गल्लीतही टेरीबरोबर शिकलेली मुले होती. मग तो म्हणाला, "नको. एर्नीला म्हणावं, संध्याकाळी मी त्याच्याकडे चहाला येतो." आणि दार लागले. एर्नीने श्वास सोडला. त्याचे ढोपर टेबलाला लागून लाल रंगाची बाटली आडवी झाली. कलम ५ मधला डाग तो.

शेवटच्या पानावर मित्राने शिडीवरून जे पाहिले तेवढेच होते. धुरातून दिसणारा एक हात, जमिनीवर चाचपडणारा. तो हात मला जमेना. मी मुठी वळलेली, ताणलेली बोटे काढत होतो. तेच मला येत होते. एर्नी उठून माझ्या शेजारी आला. पिस्तूल त्याने टेबलावर ठेवले, बहुधा नकळत, आणि स्वतःचा हात कागदावर पसरला.

"असा. जोरानं नाही. आपण झोपेत उशाशी घड्याळ शोधतो ना, तसा."

मी त्याचाच हात पाहून तो काढला. नववे पान तिथे संपले. मी दहावा कागद घेतला तेव्हा तो म्हणाला, "बस्स. याच्या पुढचं त्या पोरानं बघितलं नाही. आपणही काढायचं नाही." मग पिस्तुलातले काडतूस काढून त्याने खिशात टाकले आणि एनिडने आणून ठेवलेल्या ताटलीतले गार झालेले मासे उभ्यानेच खाल्ले. जाताना म्हणाला, "हे छाप."

कलम ८. मी ती पाने घेऊन लंडनला गेलो. 'टिन हॅट'चे संपादक लायनल प्रोथेरो यांनी ती दोनदा वाचली.

"डेरेक, तू इतकं चांगलं काम कधीच केलं नव्हतंस," ते म्हणाले, "आणि हे मी छापू शकत नाही. आपला वाचक बारा वर्षांचा आहे. विक्री आधीच घसरतेय. त्याला मरणं हवीत, पण जेवायला हाक येईपर्यंत विसरता येतील अशी."

विचार करायला म्हणून त्यांनी पानांच्या झेरॉक्स प्रती ठेवून घेतल्या. नाताळच्या अंकात त्यांचा विचार छापून आला. चित्रे दुसऱ्याने काढली होती. तेच स्वयंपाकघर, तीच शिडी, तीच बटाट्यांची पिंपे. स्वयंपाकी वर धावत जातो, मशीनगन हातात घेतो, शत्रूचे विमान पाडतो आणि हसत मरतो. त्याचे नाव टॉमी विगमोर ठेवले होते.

एर्नीने अंक दुकानात पाहिला. तो आमच्याकडे आला, या वेळी पुढच्या दाराने, रिकाम्या हाताने. आत ये म्हटले तर आला नाही.

"चष्मा काढला त्यांनी," एवढेच तो म्हणाला.

हे मी केलेले नाही, हे त्याला ठाऊक होते. तरी तो पुन्हा आमच्या दारी आला नाही, रस्त्यात भेटला तरी समुद्राकडे पाहत जायचा. मी प्रोथेरो यांना फोन करून सांगितले की यापुढे माझ्याकडून एकही पान मिळणार नाही. ते म्हणाले, "भावनेच्या भरात स्वतःच्या पोटावर पाय आणू नकोस." मी पुढची वीस वर्षे आइस्क्रीमच्या गाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पोट भरले.

या प्रकारची कॉमिके का बुडाली याविषयी मेळाव्यांत खूप बोलले जाते. टीव्ही आला, व्हिडिओ गेम आले, कागद महागला. असेल. पण आमच्या गावात काय झाले ते मला वर्तमानपत्राच्या दुकानवाल्या बाईंनी त्याच हिवाळ्यात सांगितले. "गठ्ठा सुतळी न सोडता परत जातो हल्ली. पोरं हातात घेतात, पहिलं पान बघतात आणि ठेवून देतात." टॉमी विगमोर कोण ते त्या मुलांना कळले होते. टेरीला चष्मा होता हे सगळ्या शाळेला माहीत होते.

मिस्टर प्रोथेरो नव्वदीत आहेत आणि ससेक्समध्ये सुखाने राहतात असे ऐकतो. त्यांना मी माझा वाचायचा चष्मा ठेवत आहे. जॉर्जने तो रजिस्टर पोस्टाने पाठवावा. सोबत काही लिहू नये.

कलम ९. सप्टेंबरच्या शेवटी हिलरी मिस्टर स्टॅनक्लिफ यांना घेऊन आली. प्रोथेरो यांच्याकडच्या झेरॉक्स प्रती कोठून तरी त्यांच्या हाती लागल्या होत्या. त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि पाने एकेक करून पाहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते खोटे नव्हते.

"हे बाहेर यायलाच हवं," ते म्हणाले. "लोक आमच्या कॉमिक्सना पोरकट म्हणून हसतात. पुस्तक काढून हे पान मुखपृष्ठावर घेतलं तर कुणी हसणार नाही. तुमचं सगळं काम वाचेल, मिस्टर हेस्केथ. हा सगळा प्रकार वाचेल."

त्यांचे बोट नवव्या पानावरच्या त्या हातावर होते.

"नाही वाचला तरी चालेल," मी म्हणालो.

हिलरी उसळली. "बाबा, टेरी गेला. एर्नी गेला. आई गेली. कुणासाठी राखण करताय तुम्ही?"

"लॉरेन आहे."

"टेरीची बहीण? तिला ही पानं आहेत हे तरी माहीत आहे का?"

तिचे बरोबर होते, आणि म्हणूनच मला राग आला. मी पाने उचलायला गेलो, तिने फाइल धरली. आम्ही बाप-लेक टेबलाच्या दोन बाजूंनी ओढत होतो. मिस्टर स्टॅनक्लिफ "अहो, सांभाळा, सांभाळा" म्हणत मध्ये नाचत होते. चौथ्या पानाचा कोपरा फाटला. तो आवाज ऐकून आम्ही दोघेही थिजलो. हिलरीने हात काढून घेतला आणि ती कोट न घालताच बाहेर पडली. पुढच्या आठवड्यात तिने माझ्या डोक्याविषयी लिहून कळवले. हे मृत्युपत्र त्यानंतरचे आहे हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

हिलरी, तू हे वाचशील तेव्हा चिडशील. तू वाईट वागलीस असे मी म्हणत नाही. माझे काम वाया जाऊ नये असे तुला वाटले. परंतु ते काम माझे नव्हते.

कलम १०. या लेखाच्या पहिल्या मसुद्यात मी नऊ पाने लॉरेन विग्नल हिला दिली होती. मंगळवारी मी तिला बोलावले. ती ट्राम चालवते. काम संपवून गणवेशातच आली. टेरी गेला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आज तिचे केस पिकू लागले आहेत. मी पाने तिच्यापुढे ठेवली आणि खुर्चीत बसलो. तिने ती फाडली असती तर मी अडवणार नव्हतो, हे मी आधीच ठरवले होते. तरी माझे डोळे तिच्या हातांवरून हलत नव्हते.

ती फार सावकाश वाचत होती. तिसऱ्या पानावर म्हणाली, "कान मोठे काढलेत."

"तुमच्या वडिलांनी सांगितलं तसे."

"होतेच मोठे." मग ती पुढची पाने उलटत गेली. शेवटच्या पानावर तिने तोंडावर हात धरला. "मला सांगितलं होतं की त्याला काही कळलंसुद्धा नाही. झोपेतच गेला. बाबांनीच सांगितलं होतं."

तिने पान टेबलावर पालथे ठेवले.

"त्यांना हे सगळं माहीत होतं?"

"इथं बसून त्यांनीच सांगितलं मला. प्रत्येक रेघ."

ती उठून खिडकीशी गेली. मला वाटले ती निघाली. पाठमोरीच म्हणाली, "मरेपर्यंत त्यांनी टेरीचं नाव घेतलं नाही माझ्यापुढं. मला वाटायचं, तो गेला आणि मी उरले, म्हणून बोलत नाहीत माझ्याशी. म्हणजे त्यांना बोलता येत होतं. ते इथं बोलले होते."

नंतर ती परत येऊन बसली आणि तिने विचारले, "मृत्युपत्रात काय लिहिलंय?"

"ही तुमची."

"माझं नाव खोडा."

"का?"

"घरात ठेवली तर मी रोज बघत बसेन. आणि तो हातमोजेवाला आज ना उद्या माझ्या दारात येणार. छप्पर गळतंय माझं, मिस्टर हेस्केथ. एखाद्या वाईट दिवशी मी त्याला हो म्हणेन. खोडा."

मी म्हणालो, नाव खोडणे सोपे नाही, सगळे नव्याने लिहावे लागेल, आणि पुन्हा दोन साक्षीदार शोधावे लागतील. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही.

तिने माझ्याकडे पाहिले. "मग मला काही मिळणार नसेल तर मी होऊ शकते?"

म्हणून आता असे लिहितो. ती नऊ पाने फ्लीटवूडच्या सार्वजनिक वाचनालयाला द्यावीत. ती विकू नयेत. जो मागेल त्याला, कोणत्याही वयाचा असो, ती टेबलावर ठेवून दाखवावीत. कोणाला छापायची असतील तर नऊच्या नऊ छापावीत, एकही चौकट न बदलता, आणि मुखपृष्ठावर कोणतेही पान घेऊ नये. फाटलेला कोपरा चिकटवू नये.

वर लिहिलेले सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले. त्या दोघी एकाच वेळी हजर असताना मी खाली सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली. साक्षीदाराने आपला व्यवसाय लिहायचा असतो. दुसऱ्या साक्षीदाराने जे लिहिले ते नियमात बसत नाही असे डॉक्टरांनी सांगून पाहिले. तिने ते खोडले नाही, आणि मीही खोडू दिले नाही.

ठिकाण : फ्लीटवूड, लँकेशायर
दिनांक : २२ नोव्हेंबर २०१९, शुक्रवार

सही : डेरेक अ‍ॅम्ब्रोज हेस्केथ

साक्षीदार पहिली : इफेओमा न्वोसू, डॉक्टर, फ्लीटवूड

साक्षीदार दुसरी : लॉरेन विग्नल, ट्रामचालक, फ्लीटवूड. टेरीची बहीण. मी पाने पाहिली. तो असाच दिसायचा.